‘चाल’ आणि ‘सर्व हक्क’ : उसन्या सुरावटींची मराठी मीमांसा

१

मराठी संगीत नाटकांच्या जुन्या छापील संहिता आणि गणेशोत्सवातील मेळ्यांच्या पदांच्या पुस्तिका यांत पदांच्या माथ्यावर एक लहानशी ओळ आढळते. ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे आधीच्या एखाद्या गाण्याचे पहिले दोनतीन शब्द, एवढाच तिचा ऐवज असतो. मराठी समीक्षेने या ओळीकडे बहुधा गायकासाठी दिलेली व्यावहारिक सूचना म्हणून पाहिले आहे. स्वरलेखन सर्वांच्या हाती नव्हते, तेव्हा ठाऊक असलेल्या गाण्याचा हवाला देऊन नवे पद कसे म्हणावे हे सांगितले जाई, असे तिचे सरळ स्पष्टीकरण दिले जाते. ते खोटे नाही. पण पुरेसेही नाही.

त्या काळच्या अनेक मराठी पुस्तकांच्या आरंभीच्या पानावर आणखी एक ओळ छापलेली असे. सन १८६७ च्या पंचविसाव्या आक्टाप्रमाणे पुस्तक नोंदवून कर्त्याने किंवा प्रकाशकाने सर्व हक्क आपल्याकडे ठेवले आहेत, असे ती बजावीत असे. म्हणजे एकाच ग्रंथव्यवहारात दोन ओळी शेजारी नांदत होत्या. पहिली ओळ उसनवारी जाहीर करीत होती आणि दुसरी मालकी. दुसऱ्याची सुरावट उघडपणे घेणारा ग्रंथकार आपले शब्द दुसऱ्याने घेऊ नयेत असे त्याच पुस्तकात सांगत होता, आणि यात काही विसंगती आहे असे वाचकाला किंवा श्रोत्याला वाटत नव्हते.

डिजिटल माध्यमांच्या प्रसारानंतर स्वामित्वहक्क, रास्त वापर आणि रीमिक्स यांविषयी जी चर्चा चालते, ती या दोन ओळींपैकी केवळ दुसरीवर उभी आहे. कृती कोणाच्या मालकीची आणि त्या मालकीला अपवाद कोणते, एवढेच तिचे प्रश्न. ‘चाल’ या ओळीमागे उसनवारीची एक स्वतंत्र मीमांसा आहे आणि त्या मीमांसेला स्वतःच्या गंभीर मर्यादाही आहेत, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेचा परिसर सोयीचा आहे. ही शहराची सर्वांत जुनी पेठ. ग्रामदैवत कसबा गणपती येथलाच, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा. १८९३ पासून येथे सार्वजनिक गणेशोत्सव होत आहे. ज्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले, ते शेजारच्याच बुधवार पेठेत होते. नाट्यपद, मेळ्याचे पद, मिरवणुकीतील गाणे आणि त्यांना दिलेली प्रत्युत्तरे ही सारी अर्धशतकाच्या आत या एकाच वस्तीतून फिरली. सुरावट एका प्रकारातून दुसऱ्यात कशी जाते, वाटेत तिचे काय बदलते आणि कोणाचे नाव गळते, हे येथे जवळून पाहता येते.

२

किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांसाठी चाली घेतल्या त्या अनेक ठिकाणांहून. कीर्तनातील साकी, दिंडी आणि आर्या, तमाशातील लावणी, कर्नाटकी पदे आणि घरगुती स्त्रीगीते असा हा विस्तृत साठा होता. पुढे ‘मानापमान’ (१९११) नाटकासाठी गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी, दादरा, गझल या उत्तरेकडील प्रकारांतील चाली आणल्या, तर ‘स्वयंवर’ (१९१६) नाटकासाठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींचा आधार घेतला. नाट्यसंगीताच्या इतिहासात पुष्कळदा चाल आधी असते आणि पद नंतर येते. कवीला एक तयार साचा मिळतो आणि त्या साच्यात त्याने नवा प्रसंग, नवे पात्र आणि नवा भाव बसवायचा असतो.

या प्रक्रियेचा विचार करण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रात साधने उपलब्ध आहेत. ‘ध्वन्यालोक’च्या चौथ्या उद्योतात आनंदवर्धनाने दोन काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : बिंबाच्या प्रतिबिंबासारखे, वस्तूच्या चित्रासारखे, आणि दोन देहधारी व्यक्तींमध्ये असते तसे. पहिल्यात स्वतःचा आत्मा नसतो, दुसऱ्यात असलाच तर तो क्षुल्लक असतो. ही दोन्ही साम्ये कवीने टाळावीत. तिसरे मात्र टाळण्याचे कारण नाही. दोन माणसे दिसायला सारखी असली तरी ती दोन वेगळी माणसेच असतात. अर्थात, साम्य हा आनंदवर्धनाच्या लेखी दोष नाही. आत्म्याचा अभाव हा दोष आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दहरण आणि अर्थहरण यांचा सविस्तर विचार करताना या तीन प्रकारांत ‘परपुरप्रवेशसदृश’ या चौथ्या प्रकाराची भर घातली. योगी परक्या देहात प्रवेश करतो, ही त्यामागील प्रतिमा. राजशेखराने हे वर्गीकरण काव्यार्थासाठी केले आहे, सुरावटीसाठी नव्हे. तरीही उसन्या चालीवरील पदाचे वर्णन करण्यास याहून समर्पक प्रतिमा सापडणे कठीण आहे. देह आधीचा, त्यात शिरलेला जीव नवा.

पण येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. राजशेखराच्या मते कवी आणि व्यापारी यांत चोरी न करणारा कोणीच नाही. ज्याला ती झाकता येते तो निंदेवाचून नांदतो. या विचारात उसनवारी क्षम्य ठरते ती झाकण्याच्या कौशल्यामुळे. ‘चाल’ ही ओळ याच्या नेमके उलट वागते. ती घेतलेले दाखवते. किंबहुना श्रोत्याने मूळ गाणे ओळखावे अशीच तिची अपेक्षा असते. लावणीच्या चालीवर देवाचे पद बसते किंवा लोकप्रिय नाट्यपदाच्या चालीवर राजकीय टीका येते, तेव्हा जुन्या गाण्याची आठवण आणि नव्या शब्दांचा अर्थ यांत एक ताण उत्पन्न होतो. तो ताण हाच त्या पदाच्या आस्वादाचा मोठा भाग असतो. मूळ गाणे विसरले गेले तर पद उरते, पण त्याचा एक अर्थ जातो. आंतरसंहितात्मकतेची जी चर्चा मराठीत पाश्चात्त्य सिद्धांतांच्या परिचयानंतर रूढ झाली, तिचा हा लोकव्यवहारातील पूर्वावतार म्हणता येईल.

यावरून ‘चाल’ या संकेताची तीन कलमे मांडता येतात. पहिले कलम ओळखीचे : घेतलेले गाणे श्रोत्याला ओळखता यावे. दुसरे परिवर्तनाचे : नव्या शब्दांनी त्या गाण्याकडून आधी न झालेले काम करून घ्यावे. तिसरे ऋणनिर्देशाचे : घेतल्याची कबुली छापील पानावर असावी. विडंबनकाव्याला हीच कलमे आणखी कठोरपणे लागू होतात. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’मधील विडंबने वाचकाला भिडली, कारण समकालीन कवींच्या लकबी त्याच्या कानांत ताज्या होत्या. विडंबनाला मूळ कृतीपासून दूर जाता येत नाही. जितके जवळ, तितके ते प्रभावी. आणि स्वामित्वाच्या दृष्टीने पाहिले तर जितके जवळ, तितके ते संशयास्पद. डिजिटल काळातील वादाची ही गाठ विडंबनाच्या रचनेतच आहे.

३

‘चाल’ ही ओळ गाण्याचे नाव सांगते, गाणाऱ्याचे किंवा रचणाऱ्याचे नव्हे. हे वैशिष्ट्य समजून घेण्यासाठी मराठी परंपरेतील दुसरा एक संकेत शेजारी ठेवून पाहावा लागेल. तो म्हणजे नाममुद्रा.

संतांच्या अभंगांत आणि शाहिरांच्या कवनांत शेवटी कर्त्याचे नाव येते. वरवर पाहता ही आधुनिक लेखकत्वाची खूण वाटते. पण तिचा व्यवहार निराळा आहे. तुकोबांच्या नावावर पुढच्या काळात अनेक प्रक्षिप्त अभंग जमा झाले आणि गाथेच्या संपादकांपुढे त्यांचा प्रश्न कायमचा उभा राहिला. ग्रंथस्वामित्वाच्या संस्कृतीतील चोर दुसऱ्याच्या रचनेवरून त्याचे नाव काढून आपले घालतो. संप्रदायातील अनामिक कवी आपल्या रचनेवर दुसऱ्याचे नाव घालतो. एकाला कीर्ती हवी असते, दुसऱ्याला प्रामाण्य. कायद्याच्या भाषेत दोन्ही गैरच. परंतु सांस्कृतिक कृती म्हणून त्या परस्परविरुद्ध दिशांच्या आहेत.

म्हणून परंपरेत सारेच मोकळे होते, संहितेला कोणी जपत नव्हते, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक ठरेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत यापुढे कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. तसे करणे म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे आहे, असा त्यांचा दृष्टांत आहे. एकनाथांनी स्वतः भागवतावर स्वतंत्र ग्रंथ रचला, गारुडी, जोगी, महार यांच्या बोलींचे आणि सोंगांचे रूप घेऊन भारुडे लिहिली. उसनवारीला त्यांचा विरोध नव्हता. आपले शब्द दुसऱ्याच्या संहितेत बेमालूम मिसळण्याला तो होता. रूपांतर करा, पण ते वेगळे उभे करा. मूळ संहितेच्या अंगात घुसवू नका, असा हा विवेक आहे. त्यात मालकीचा प्रश्न कोठेच येत नाही. येतो तो संहितेच्या अखंडत्वाचा.

‘सर्व हक्क’ ही ओळ या दोन्ही संकेतांपेक्षा निराळ्या ठिकाणाहून आली. १८६७ चा पंचविसावा कायदा छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा होता. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल व्हाव्यात, त्यांची सूची व्हावी, देशी भाषांत काय छापले जाते याची सरकारला माहिती असावी, हा त्याचा मुख्य हेतू. हक्कांचे रक्षण आणि लेखनावरची नजर ही दोन कामे एकाच नोंदवहीत होत होती. ‘लेखक म्हणजे काय?’ (१९६९) या व्याख्यानात मिशेल फूको याने असे मांडले की, लेखनाला खरेखुरे लेखक लाभले ते लेखकाला शिक्षा करता येऊ लागली तेव्हा. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या विधानाला वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. मराठी ग्रंथकाराने आपल्या मालकीची द्वाही फिरवली ती ज्या कायद्याच्या आधाराने, त्याच कायद्याने त्याचा पत्ता सरकारला कळवला. मेळ्यांच्या पदांकडे सरकारी नजर वळली, तेव्हा पद कोणी लिहिले हा पोलिसी प्रश्न झाला. चाल कोणाची, हे विचारण्याचे सरकारला कारण नव्हते.

४

येथवर ‘चाल’ या संकेताची उजवी बाजू पाहिली. पण त्याचा गौरव करून थांबणे हे देशी परंपरेविषयीच्या भाबडेपणाचे लक्षण ठरेल. या ओळीत काय छापले गेले याइतकेच काय छापले गेले नाही हेही महत्त्वाचे आहे.

१८९३ च्या मुंबईतील दंगलीनंतर पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि १८९४ पासून त्यात मेळे निघू लागले. एकसारखा पोशाख केलेली, तालावर पावले टाकीत, पदे म्हणत जाणारी मुलांची आणि तरुणांची टोळी हे मेळ्याचे रूप. मिरवणूक, तिच्यातील टोळ्या आणि शेवटचे विसर्जन या मांडणीचे मोहरमच्या ताबुतांशी असलेले नाते अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्याआधी पुण्याच्या पेठांतील हिंदू मंडळीही ताबुतांत भाग घेत असत. आरंभीच्या मेळ्यांच्या काही पदांचा रोख त्यांनी ते सोडावे, यावरच होता. म्हणजे मेळ्याने ज्याच्याकडून रूप घेतले त्याच्यापासूनच लोकांना तोडण्यासाठी ते वापरले. पदांच्या माथ्यावर नाट्यपदांच्या चाली नोंदल्या गेल्या. खुद्द मेळ्याची ‘चाल’ मात्र कोठेही नोंदली गेली नाही. उसनवारीची कबुली देणारा संकेत येथे नेमक्या जागी मुका झाला.

दुसरे मौन स्त्रियांविषयीचे आहे. ठुमरी, दादरा, लावणी या प्रकारांतील चाली ज्यांच्या गळ्यातून रंगभूमीपर्यंत आल्या, त्यांत व्यावसायिक गायिका आणि तमाशातील कलावंत स्त्रिया यांचा वाटा मोठा होता. ‘चाल’ या ओळीत गाण्याचे पहिले शब्द येतात, त्यांचे नाव येत नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्यांच्या तबकड्यांवर गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येतात. परदेशी कारखान्यात तबकडी तयार करणाऱ्यांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. हेतू काहीही असो, नाममुद्रेचे हे यंत्रयुगातील रूप होते. सभ्य रंगभूमीने चाल घेतली, पण ही मुद्रा घेतली नाही. गाणे प्रतिष्ठित झाले आणि गाणारी अप्रतिष्ठितच राहिली.

म्हणून ‘चाल’ या संकेताचे तिसरे कलम, ऋणनिर्देशाचे, अर्धेच पाळले गेले असे म्हणावे लागते. ज्यांचे ऋण मान्य केल्याने प्रतिष्ठा वाढत होती किंवा निदान कमी होत नव्हती, त्यांचे ते छापले गेले. ज्यांचे मान्य केल्याने अडचण होती, ते गाळले गेले. परंपरेतील उसनवारी मुक्त आणि निरागस होती, हे चित्र टिकत नाही. तिच्यातही जात, धर्म आणि लिंग यांची उतरंड काम करीत होती.

या उतरंडीला उत्तरही त्याच साधनांनी मिळाले, हे विशेष. १९२० च्या दशकात पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने छत्रपती मेळा निघाला. ब्राह्मणी वर्चस्वावर प्रहार करणारी त्याची पदे गणेशोत्सवाच्या काळातच आणि मेळ्याच्याच रूपात आली. मेळा हा प्रकार ज्यांनी घडवला त्यांच्याच विरुद्ध तो उभा राहिला. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातील गणाचा अर्थ पालटला. गण म्हणजे लोक, असा नवा रोख त्याला दिला. आंबेडकरी जलशांनी आणि पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या पिढीच्या भीमगीतांनी लोकगीतांच्या आणि चित्रपटगीतांच्या परिचित चालींतून नवा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. ज्यांच्याजवळ वाद्यवृंद नव्हता, छापखाना नव्हता, ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती, त्यांच्याजवळ सर्वांना पाठ असलेली चाल होती. उसनी सुरावट ही येथे साधनहीनांची रंगभूमी झाली. मूळ गीताची मधुर आठवण आणि नव्या शब्दांची धार यांतील ताण हाच या गीतांचा सौंदर्यविशेष आहे, आणि तो टिपण्याऐवजी मराठी समीक्षेने त्यांना अनुकरणात्मक म्हणून बाजूला ठेवले. ‘स्वतंत्र’ रचनेलाच वाङ्मय मानणारी ही अभिरुची आणि ‘सर्व हक्क’ ही ओळ एकाच मुशीतून निघालेल्या आहेत.

५

१९५७ चा भारतीय स्वामित्वहक्क कायदा या सुरावटींकडे कसा पाहतो, हे तपासणे उद्बोधक आहे. मूळ कायद्यातील ‘संगीतकृती’ची व्याख्या लिहिलेल्या, छापलेल्या किंवा अन्य आलेखी रूपात उतरवलेल्या सुरावटीपुरती होती. केवळ कंठी वसणारी चाल या व्याख्येत बसत नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट गेली आणि संगीतकृतीला लेखनावाचून अस्तित्व मिळाले. म्हणजे ज्या काळात मेळे आणि जलसे चाली उसन्या घेत होते त्या काळाच्या पुष्कळ पुढेही मौखिक सुरावट कायद्याला दिसतच नव्हती. कायदा उदार होता म्हणून ती मोकळी होती, असे नव्हे. तो तिला ओळखत नव्हता.

जी ओळखली गेली ती तरी संगीतकाराची झाली का? चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या गीतसंगीताचा पहिला मालक, विरुद्ध करार नसेल तर, निर्माता असतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. गीतकार आणि संगीतकार यांना स्वामित्वधनाचा न सोडता येणारा वाटा देणारी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. मधल्या दशकांत चित्रपटाच्या चालीवर भीमगीत किंवा गणपतीचे गाणे रचणारा कवी ज्याचे ऋण घेत होता तो संगीतकार, आणि कायदा ज्याचा हक्क मानत होता तो निर्माता वा ध्वनिमुद्रण कंपनी, हे दोन वेगळे पक्ष होते. ‘चाल’ या ओळीने गायिकांना वगळले, तसे ‘सर्व हक्क’ या ओळीने रचनाकाराला वगळले.

रास्त व्यवहाराची तरतूद कलम ५२ मध्ये आहे. खाजगी वापर, संशोधन, टीका, परीक्षण, चालू घडामोडींचे वृत्त असे तिचे हेतू नेमून दिलेले आहेत. विडंबनाचा किंवा रूपांतरित निर्मितीचा स्वतंत्र उल्लेख तीत नाही. विडंबनाला ‘टीका’ या शब्दाच्या आश्रयाने उभे राहावे लागते. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे आलेला खटला या दृष्टीने मराठी अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. तोप्पिल भासी यांच्या १९५२ च्या गाजलेल्या साम्यवादी नाटकाला सिविक चंद्रन यांनी १९९५ मध्ये प्रतिनाटक लिहिले. त्यात मूळची पात्रे आणि संवाद मोठ्या प्रमाणावर घेतले होते. पण हेतू होता तो त्या नाटकाची आणि त्यामागील राजकारणाची चिकित्सा करण्याचा. किती घेतले, कशासाठी घेतले आणि मूळ कृतीशी बाजारात स्पर्धा होते का, हे तीन प्रश्न विचारून न्यायालयाने प्रतिनाटककाराच्या बाजूने कौल दिला. छत्रपती मेळ्याची आधीच्या मेळ्यांशी असलेली गाठ नेमकी याच जातीची होती. तेथे प्रश्न न्यायालयात गेला नाही, रस्त्यावर लढला गेला, एवढाच फरक.

या तीन प्रश्नांतील दुसरा, ‘कशासाठी घेतले’ हा, मुळात वाङ्मयीन समीक्षेचा प्रश्न आहे. आनंदवर्धनाचा ‘आत्मा’ आणि न्यायालयाचा ‘हेतू’ एक नव्हेत. तरी दोन्ही ठिकाणी साम्य मोजून निर्णय होत नाही, साम्याचे कार्य वाचावे लागते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका विडंबनगीताच्या खटल्यात परिवर्तनाची कसोटी पुढे आणली आणि २०२३ मध्ये अँडी वॉरहॉल यांच्या चित्राच्या खटल्यात तिला आवर घातला. कसोटी पुढेमागे होते. वाचनाची गरज मात्र टळत नाही.

गणेशोत्सवाला लागू पडणारी आणखी एक तरतूद याच कलमात आहे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात साहित्य, नाट्य वा संगीतकृती सादर करणे, किंवा ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवणे, हा हक्कभंग मानला जात नाही. मंडपातील आरती यात निःसंशय येते. मिरवणुकीतील वाद्यमेळ, रात्रीचा गाण्यांचा कार्यक्रम, देखाव्यामागचे पार्श्वसंगीत यांचे काय, हा सीमारेषेचा प्रश्न राहतो. लग्नसमारंभातील संगीताविषयी गोवा सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केले. अपवादाची व्याप्ती सरकारी पत्रकाने वाढवता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. कायद्याला विधी आणि उत्सव यांत रेघ ओढावी लागते. ज्या संस्कृतीत मेळा विधीही होता, करमणूकही होती आणि राजकारणही, तेथे ही रेघ कोठेही ओढली तरी काहीतरी कापले जाणारच.

६

डिजिटल माध्यमांनी या प्रश्नात घातलेली भर ही की, रेघ ओढण्याचे काम आता बहुतेक वेळा न्यायाधीश करीत नाही, यंत्र करते. यूट्यूबने २००७ मध्ये आणलेली कंटेंट आयडी ही व्यवस्था अपलोड झालेल्या दृश्यफितीची हक्कदारांनी पुरवलेल्या नमुन्यांशी तुलना करते. ध्वनीचा ठसा जुळला, काही वेळा सुरावट जुळली, तरी दावा उभा राहतो. फीत रोखायची, तिचे उत्पन्न घ्यायचे की तिच्यावर केवळ लक्ष ठेवायचे, हे हक्कदार ठरवतो. आक्षेप नोंदवता येतो, पण तो नंतर. किर्लोस्कर १८८५ मध्ये आणि गोविंद बल्लाळ देवल १९१६ मध्ये निवर्तले. त्यांची पदे कधीच सर्वांची झाली आहेत. कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या नियमाने १९४८ मध्ये दिवंगत झालेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची पदेही २००९ पासून मोकळी आहेत. पण त्यांच्या एखाद्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क असू शकतो, आणि जुळणी शोधणाऱ्या यंत्राला मोकळे पद व राखीव मुद्रण यांतील भेद प्रत्येक वेळी कळेलच असे नाही.

‘चाल’ संकेताची तीन कलमे या यंत्राला लावून पाहिली तर त्याचे स्वरूप उघड होते. ओळखीचे कलम त्याने पुरते आत्मसात केले आहे. ते माणसापेक्षाही अचूक ओळखते. परिवर्तनाचे कलम त्याला वाचता येत नाही. कंपनीच्या गाण्याची हुबेहूब नक्कल आणि त्याच चालीवरचे प्रखर सामाजिक गीत, ही दोन्ही त्याच्या लेखी केवळ जुळण्या आहेत. ऋणनिर्देशाचे कलम त्याने वसुलीत रूपांतरित केले आहे. ओळख पटणे ही ज्या परंपरेत आस्वादाची सुरुवात होती, ती येथे फिर्यादीची सुरुवात झाली आहे. याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. स्वतःचे संगीत करून घेण्याची ऐपत असलेल्यांना फारसा त्रास नाही. ज्यांच्यासाठी परिचित चाल हेच एकमेव व्यासपीठ होते, त्या शाहिरांच्या आणि भजनी मंडळांच्या वारसांना तो अधिक आहे.

तथापि, यावरून प्रत्येक रीमिक्स हा मेळ्याचा किंवा जलशाचा वारस ठरत नाही. मिरवणुकीत ऐकू येणाऱ्या बऱ्याच मिश्रणांत मूळ गाण्याची गती वाढवलेली असते, ठेका जड केलेला असतो, आणि एवढ्यावर काम संपते. आनंदवर्धनाच्या भाषेत हे प्रतिबिंब होय. फार तर चित्र. त्यात ओळख आहे, परिवर्तन नाही, आणि ऋणाचा उल्लेख तर नाहीच. लॉरेन्स लेसिग यांनी ‘रीमिक्स’ (२००८) या ग्रंथात वाचण्याबरोबर लिहिण्याचीही मुभा देणाऱ्या संस्कृतीचा पक्ष मांडला. तो पक्ष बलवान असला, तरी लिहिलेले काय आहे हे पाहण्याची जबाबदारी त्याने संपत नाही. मुभेचा युक्तिवाद कायद्यापुढे पुरतो. मूल्याचा युक्तिवाद समीक्षेलाच करावा लागतो.

समीक्षेचे काम येथे दुहेरी आहे. उसन्या सुरावटींवरील मराठी रचना, मेळ्यांच्या पुस्तिकांपासून भीमगीतांपर्यंत, स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून वाचल्या गेल्या पाहिजेत. त्यांचे परिवर्तन कोठे आणि कसे घडते याचे बारकाईने विश्लेषण झाले पाहिजे. ‘कशासाठी घेतले’ या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाला द्यायचे असेल तर त्यामागे अशा वाचनाची परंपरा असावी लागते, आणि ती मराठीत अद्याप तुटपुंजी आहे. त्याचबरोबर ‘चाल’ ही ओळ पुन्हा, आणि या वेळी पूर्ण, लिहिली गेली पाहिजे. गाण्याच्या पहिल्या शब्दांबरोबर ते कोणी रचले, कोणाच्या गळ्यातून आले, कोणत्या समाजाच्या मिरवणुकीतून किंवा फडातून उचलले, हेही तीत यावे. नव्या फितीखाली असा उल्लेख करण्यास जागेची अडचण नाही. जुन्या संहितांच्या संपादित आवृत्त्यांत तो टिपांच्या रूपाने देता येईल. कसब्यातील मेळ्यांच्या एखाद्या पुस्तिकेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना नाट्यपदाच्या शेजारी ताबुतांच्या मिरवणुकीचा आणि अनामिक गायिकेचा निर्देश आला, तर त्या पदाचा अर्थ बदलेल आणि त्याच्यावरील मालकीचा दावाही काहीसा नम्र होईल.